गळ्यातलं मडकं आणि हातातली पदवी

(दाभोळ येथे तरुणांच्या अभ्यासशिबिरात केलेले भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सकाळच्या सत्रात एका मुलीनं प्रश्न विचारला. नोकरीच्या फॉर्मवर 'इसेन्शियल क्वालिफिकेशन' असं छापलेलं असतं, त्याचा नेमका अर्थ काय? मागच्या रांगेत दोघं-तिघं फिदीफिदी हसले. हसणाऱ्यांना माझं सांगणं आहे की तुम्ही उत्तर द्या. 'शिक्षण' म्हणाल, तर शिक्षणाला इंग्रजीत 'एज्युकेशन' हा शब्द आहे. मग हा दुसरा शब्द कशाला? 'पात्रता' म्हणाल, तर पात्रता म्हणजे काय? बघा, आता कुणी हसत नाही. ज्या शब्दावर आपली अख्खी जिंदगी अडते किंवा सुटते, तो शब्द आपण कधी उघडून बघितलेलाच नाही. आज तो उघडू. मला नेमून दिलेला विषय वेगळा होता, तो राहू दे बाजूला.

इंग्रजी शब्द म्हटला की आपली पोरं बिचकतात. दाभोळच्या पोरांनी तरी बिचकू नये. हे बंदर काय आजचं आहे? वाशिष्ठीच्या मुखावर शेकडो वर्षं अरबस्तानची, इराणची गलबतं लागली. १५०८ च्या अखेरीला पोर्तुगीजांच्या अल्मेडानं हे गाव लुटलं आणि जाळलं, इतकं ते डोळ्यांत भरणारं होतं. मालाबरोबर, राज्यकर्त्यांबरोबर शब्दही आपल्या किनाऱ्याला उतरले. शाळेचा 'दाखला' अरबीतून आला. वकिलाची 'सनद' अरबीतून आली. महिन्याच्या महिन्याला ज्याची वाट बघता तो 'पगार' पोर्तुगीजांचा. हे शब्द तुमच्या आज्या रोज तोंडात घोळवतात, त्यांना कुणाच्या शिकवणीची गरज पडली नाही. माणसाला विटाळ लावणाऱ्यांनासुद्धा शब्दाला विटाळ लावता आला नाही. तेव्हा 'क्वालिफिकेशन'ला कशाला भ्यायचं? तोही घ्यायचा, उलटासुलटा करून बघायचा, खरा आहे की खोटा ते वाजवून बघायचं.

तर हा शब्द लॅटिनमधून आलेला. 'क्वालिस' म्हणजे 'कसला, कोणत्या प्रकारचा', आणि 'फाकेरे' म्हणजे 'करणे, बनवणे'. दोन्ही जोडले की क्वालिफाय. एखाद्याला अमुक प्रकारचा बनवणं, अमुक प्रकारचा ठरवणं. म्हणजे या शब्दाच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे : तू कसला?

आता सांगा, हा प्रश्न आपल्याला नवा आहे? आपल्या बापजाद्यांना दुसरा कुठला प्रश्न कधी कुणी विचारला? बाजारात गेलो, कोण रे तू. विहिरीवर गेलो, कुठल्या वाडीतला. भाड्यानं खोली बघायला गेलो, आडनाव काय. आडनावावरून अंदाज लागला नाही तर गाव काय, गावात घर कुठल्या अंगाला. 'तू कसला' हा प्रश्न हिंदू समाज जन्माच्या घटकेला विचारतो, आणि उत्तरही तोच देऊन टाकतो. पुढं साठ-सत्तर वर्षं जगून माणसानं त्या उत्तरात काडीचा फरक करायचा नाही. यालाच जात म्हणतात. जात हे या देशातलं सगळ्यात जुनं क्वालिफिकेशन. परीक्षा नाही, अभ्यास नाही, बाळंतिणीच्या खोलीतच निकाल.

फॉर्मवरचं क्वालिफिकेशन तोच प्रश्न विचारतं, पण एक फट ठेवतं. ते म्हणतं, तू काय केलंस, काय शिकलास, त्यावरून तू कसला ते ठरवू. ही फट लहान आहे, पण आपली अख्खी चळवळ या फटीतून आत घुसली आहे. म्हणून तर ती फट बुजवायला सगळी धडपड चालू असते.

आता मराठी शब्द घ्या. पात्रता. पात्र म्हणजे भांडं. ज्यात काही ओतता येईल, ज्यात काही राहील, ते पात्र. पात्रता म्हणजे भांडं असण्याची लायकी. संस्कृत पंडितांना हा शब्द फार गोड वाटत असेल. आपल्याला भांडं म्हटलं की काय आठवतं? शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावायचा नाही, शिपायानं वरून धार धरायची आणि शिपाई नसेल तर तहानेलं राहायचं. हे बाबासाहेबांनी स्वतःच्या शाळेबद्दल लिहून ठेवलंय. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर अस्पृश्यानं गळ्यात मडकं बांधून चालायचं, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. हेही त्यांनी 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या ग्रंथात नोंदवलंय. म्हणजे या व्यवस्थेनं आपल्याला एक पात्र दिलं होतं. ते ज्ञानासाठी नव्हतं, थुंकीसाठी होतं. आणि हेच लोक आज मुलाखतीच्या टेबलामागं बसून विचारतात, उमेदवार पात्र आहे का!

तिसरा शब्द पदवी. हाही संस्कृत. मूळ अर्थ वाट. पद म्हणजे पाऊल, आणि पावलांनी पडलेली वाट ती पदवी. पुढचा गेला, त्याच्या पावलांवर मागचा गेला, वाट मळली, तिला पदवी म्हणायचं. हुद्दा, किताब, विद्यापीठाचा कागद हे सगळे अर्थ नंतरचे. आता पुन्हा पेशवाईतला तोच रस्ता बघा. गळ्यात मडकं होतंच, आणि कमरेला झाडू बांधलेला होता, आपल्या पाऊलखुणा आपणच मागं पुसत जायच्या म्हणून. मडकं म्हणजे आमची पात्रता आणि पुसलेलं पाऊल म्हणजे आमची पदवी! शब्दकोशात हे लिहिलेलं सापडणार नाही. कोश लिहिणाऱ्यांच्या कमरेला झाडू नव्हता.

इंग्रजीत पदवीला डिग्री म्हणतात. तिच्या पोटात लॅटिन 'ग्रादुस' आहे, म्हणजे पाऊल किंवा पायरी. ग्रेड हा शब्द त्याच मुळाचा. आणि बाबासाहेबांनी जातीची व्याख्या करताना कोणता शब्द वापरला? ग्रेडेड इनइक्वॅलिटी. आपण त्याला मराठीत श्रेणीबद्ध विषमता म्हणतो. परीक्षेतली प्रथम श्रेणी आणि जातीची श्रेणी, दोन्हीकडं शब्द तोच. मग फरक कुठं? परीक्षेच्या श्रेणीत वर चढता येतं, जातीच्या श्रेणीत चढता येत नाही. 'मूकनायक'च्या ३१ जानेवारी १९२० च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली होती. मजल्यावर मजले आहेत, पण एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला जिना नाही. डिग्री म्हणजे पायरी. ज्या घराला जिनाच नाही, त्या घरात एकेक पायरी हातानं घडवून बसवायचं काम या माणसानं केलं.

ती पायरी कशी घडली ते आपल्या तालुक्यातूनच बघा. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिकवत होते. निवृत्त झाल्यावर कुटुंब घेऊन ते दापोलीला येऊन राहिले. दापोली तेव्हा महार पेन्शनरांचं ठाणं होतं. पलटणीत राहून लिहायला-वाचायला शिकलेली ही माणसं. पण १८९० नंतर इंग्रज सरकारनं महारांची लष्करभरती बंद केली. का? तर म्हणे लढाऊ जमाती वेगळ्या असतात. १८१८ ला कोरेगावला जे लढले, त्यांची पोरं सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी लढाऊ राहिली नाहीत! साहेबाच्या फॉर्मवरही शेवटी प्रश्न तोच निघाला : तू जन्मानं कसला? दापोलीतच राहणाऱ्या गोपाळबाबा वलंगकरांनी 'अनार्य दोषपरिहारक मंडळी'च्या वतीनं १८९४ साली याविरुद्ध विनंतीपत्र तयार केलं. दाभोळपासून चार-पाच तासांच्या पायवाटेवर, सव्वाशे वर्षांपूर्वी, आपल्या माणसानं 'क्वालिफिकेशन' या शब्दावरच सरकारला जाब विचारला होता. आपल्याला ते शाळेत शिकवलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मग भीमराव. १९०७ ला मॅट्रिक. १९१३ ला बीए. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. १९१५ ला एमए. लंडनला एमएस्सी १९२१, बॅरिस्टर १९२२, डीएस्सी १९२३. ही यादी आपण जयंतीच्या बॅनरवर छापतो, पाठ म्हणतो, टाळ्या घेतो. पण यादीच्या मधल्या जागा वाचत नाही. १९१७ ला हा माणूस कोलंबियाचा एमए होऊन, प्रबंध लिहून बडोद्याला नोकरीवर आला, तेव्हा काय झालं? शिपाई फायली लांबून टाकायचे. कचेरीत प्यायला पाणी मिळेना. राहायला घर मिळेना. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तिथं लाठ्या घेऊन टोळकं आलं आणि हाकललं. अख्ख्या शहरात त्या विद्वानाला एक खोली नाही! अमेरिकेच्या विद्यापीठानं उत्तर दिलं होतं, तू विद्वान आहेस. बडोद्यानं विचारलं, ते ठीक, पण तू कसला?

इंग्रजीत 'क्वालिफाइड' शब्दाला आणखी एक अर्थ आहे. तो गाइडमध्ये नसतो, तो लिहून घ्या. क्वालिफाइड म्हणजे अट घातलेला, राखून ठेवलेला. क्वालिफाइड पाठिंबा म्हणजे 'हो, पण'. आपल्या माणसाला या देशात जी मान्यता मिळते ती या दुसऱ्या अर्थानं क्वालिफाइड असते. हुशार आहे, पण. डॉक्टर आहे, पण सवलतीतला. प्रोफेसर आहे, पण त्यांच्यातला. तो 'पण' काढून टाकायची लढाई कागदानं जिंकता येत नाही.

बाबासाहेबांना हे बडोद्यातच कळलं होतं. म्हणून १९२७ हे वर्ष ध्यानात ठेवा. कोलंबियाची पीएचडी त्यांच्या हातात त्या वर्षी जूनमध्ये पडली, कारण प्रबंध छापून प्रती दिल्याशिवाय विद्यापीठ पदवी देत नव्हतं आणि ग्रंथ छापून व्हायला १९२५ उजाडलं होतं. पण त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला चवदार तळं झालं होतं, आणि डिसेंबरमध्ये मनुस्मृती जळाली. मधोमध पदवी. माणूस सर्वोच्च डिग्री मिळवतो आणि त्याच वर्षी पाण्यासाठी हजारो लोकांच्या पुढं चालतो. चवदार तळ्यावर हातात पात्र नव्हतं. ओंजळ होती. आमची पात्रता तुमच्या भांड्यावर अवलंबून नाही, हे त्या ओंजळीनं सांगितलं.

आणि आता दाभोळ. या बंदराला आपल्या चळवळीच्या इतिहासात एक जागा आहे, ती या गावातल्या किती पोरांना ठाऊक आहे? रमाईचं माहेर वणंद, इथून जवळच. तिचे वडील भिकू धुत्रे याच दाभोळ बंदरावर मासळीच्या पाट्या वाहायचे. बंदरावरून बाजारात, डोक्यावर ओझं, अंगावर खारं पाणी गळतंय. त्या घरची पोर त्या बॅरिस्टराची बायको झाली. लग्न लागलं भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर. मराठीत पाटी दोन प्रकारची असते. एक डोक्यावरची आणि एक हातातली, शाळेची. डोक्यावरची पाटी भिकूबाबांनी वाहिली, हातातली पाटी भीमरावांनी धरली. मधला सगळा भार रमाईनं उचलला. नवरा परदेशात पायऱ्या चढत होता तेव्हा इथं उपासमार आणि लेकरांची मरणं तिनं सोसली. विद्यापीठानं तिला कुठली पदवी दिली नाही. पण ज्या पायरीवर आपण उभे आहोत तिच्या खालचा दगड तो आहे.

भिकूबाबांना आज सरकारी तक्त्यात कुठं बसवतील? किमान वेतनाच्या अधिसूचनेत कामगारांचे वर्ग असतात. कुशल, अर्धकुशल, अकुशल. ओझं वाहणारा अकुशल. भरती-ओहोटी बघून होडी कधी लागेल हे सांगणारा, निसरड्या धक्क्यावरून ओझ्यासकट न घसरता चढणारा, कुठली मासळी किती वेळात नासेल हे वासावरून ओळखणारा, तो अकुशल! कारण त्याच्याकडं कागद नाही. मी असं म्हणत नाही की कागद फेकून द्या. मी म्हणतो, कागद नसलेल्याला ज्ञान नाही असं मानणारा पदवीधर हा नवा भटजी आहे. आपल्यातही असे भटजी तयार झालेत. कॉलनीत गेले, दारावर डिग्रीची पाटी लावली, आणि वाडीतला चुलता आला की पाहुण्यांपुढं ओळख द्यायला लाजतात. बाबा रे, पदवी म्हणजे वाट. तू मागचं पाऊल पुसत चाललास. पेशवाईत झाडू कमरेला बांधायला लावायचे, तू तो हौसेनं बांधलास!

पदवीच्या कागदावर नाव कुणाचं असावं यासाठीसुद्धा आपली माणसं मेली आहेत. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळेंसारख्या माणसांना ठार मारलं. ज्यांच्या घरात पदवीचा कागद कधी आला नव्हता, त्यांच्या झोपड्या पदवीच्या कागदावरच्या नावासाठी जाळल्या. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, तोही 'हो, पण' करून. 'मराठवाडा' शब्द ठेवून. क्वालिफाइड. कागदावरच्या एका नावाला इतका विरोध का? कारण त्यांना बरोबर कळलं होतं की पोरगा कसला हे त्या कागदावरून ठरतं. जन्मभर आपण ठरवत आलो, आता भीमाच्या नावाचा कागद ठरवणार, ही ती आग होती.

आता फॉर्मकडं येतो. मी कितीतरी वर्षं पोरापोरींचे फॉर्म भरून देतोय, म्हणून चार गोष्टी रोकड्या सांगतो. 'इसेन्शियल' म्हणजे असलीच पाहिजे ती अट. 'डिझायरेबल' म्हणजे असली तर बरं. दुसरी नाही म्हणून फॉर्म न भरणारी आपली हुशार पोरं मी बघितलीत. 'ऑर इक्विव्हॅलंट' म्हणजे किंवा समकक्ष. तुमचा अभ्यासक्रम समकक्ष असेल तर तसं पत्र विद्यापीठाकडून आधी आणा, मुलाखतीच्या दिवशी नको. 'क्वालिफाइंग पेपर' म्हणजे ज्यात फक्त पास व्हायचं, त्याचे गुण गुणवत्ता यादीत धरत नाहीत. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत भाषेचे दोन पेपर तसे आहेत. तिथं नापास झालात तर बाकीच्या पेपरांचे गुण मोजलेच जात नाहीत. सेट, टीईटी या पात्रता परीक्षा आहेत, पास झालात म्हणजे नोकरी लागली असं नाही, दारात उभं राहायची परवानगी मिळाली इतकंच.

आणि एक शब्द विषारी आहे. 'नॉट फाउंड सूटेबल'. योग्य उमेदवार आढळला नाही. सगळ्या अटी पूर्ण, नेट पास, पीएचडी पूर्ण, राखीव जागेसाठी रांगेत माणसं उभी, आणि समिती लिहून मोकळी होते, योग्य कुणी नाही. इथं लेखी फूटपट्टी संपली, पुन्हा डोळ्यांनी बघून ठरवणं आलं. तू कसला! एका कचेरीत आमच्या एका पोराला मुलाखतीत विषयाचे दोन प्रश्न विचारले आणि आडनावाचे पाच. २०२४ च्या जानेवारीत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मसुद्यावरून देशभर गदारोळ उठला. उमेदवार न मिळाल्यास राखीव जागा खुल्या करायची वाट त्या मसुद्यात होती. शेवटी शिक्षण मंत्रालयाला जाहीर खुलासा करावा लागला की जागा खुल्या होणार नाहीत. लोक ओरडले म्हणून खुलासा आला. गप्प बसले असते तर शब्द गुपचूप कायदा झाला असता. म्हणून म्हणतो, शब्दांवर पाळत ठेवा.

तर मग करायचं काय? डिग्री घ्यायची, जरूर घ्यायची. अर्ध्यावर सोडणाऱ्याला मी माफ करणार नाही, सुटत असेल तर का सुटतेय ते वाडीनं बघितलं पाहिजे. पण तिला खुर्ची समजायचं नाही. ती पायरी आहे. पायरीवर कुणी संसार मांडत नाही. बाबासाहेब खुर्चीवर बसून राहिले असते तर १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली नसती, १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज उघडलं नसतं, १९५० ला औरंगाबादेत कॉलेज उभं राहिलं नसतं. एवढ्या डिग्र्यांचा माणूस शेवटी काय करत होता? दुसऱ्यांसाठी जिना बांधत होता.

दाभोळच्या पोरांनी एवढं करावं. वाडीत एक वही ठेवा. कुठला फॉर्म निघाला, शेवटची तारीख कोणती, कोणती कागदपत्रं लागतात, जातपडताळणीला कुणाचं काय अडलंय, ते तिच्यात लिहा. जो आधी गेला त्यानं मागच्याला सांगायचं, त्यानं त्याच्या मागच्याला. इंग्रजी शब्द अडला तर तो वहीत टाका आणि रविवारी बसून फोडा, आज फोडला तसा. पहिल्यांदा नोकरीला लागलेल्यानं दोन पोरांची फी भरायची. मुलींची आधी. वही भरली की दुसरी वही घ्या. पाऊल पडलं की ते पुसू द्यायचं नाही. एवढं केलंत तर वाट मळेल, आणि तेव्हाच 'पदवी' हा शब्द खरा होईल.

उद्या कुणी टेबलामागून विचारलं, तू कसला, तर मान खाली घालू नका. सांगा, आम्ही पाट्या वाहणाऱ्यांची लेकरं आहोत आणि पाटीवर लिहिणाऱ्याची. आता तुम्ही सांगा, तुम्ही कसले?

जयभीम.